हैदराबादचा नैयायिक

फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारने 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केलं, तेव्हा लोकांना मोफत दिलेल्या साधनांत 'ब्राउझर जेएसगार्ड' होतं. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या हैदराबाद केंद्रात घडलेलं हे एक्स्टेन्शन. उघडलेल्या पानातली जावास्क्रिप्ट तपासायची आणि संशय आला की वापरणाऱ्याला सावध करायचं, एवढंच त्याचं काम. मात्र ते नकळत एका जुन्या शास्त्रार्थात बाजू घेतं. आलेला शब्द आधी मानायचा, की आधी तपासायचा?

भारतीय तत्त्वज्ञानातल्या मीमांसा दर्शनाचे अनुयायी, म्हणजे मीमांसक, म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. बाधक काही पुढे येईपर्यंत ते खरं. न्याय दर्शनाच्या नैयायिकांना हे पटत नाही. त्यांच्या मते प्रामाण्य, म्हणजे ज्ञानाचा खरेपणा, बाहेरून ठरतं.

ब्राउझर बराचसा मीमांसक. साइटकडून आलेली स्क्रिप्ट तो साइटचीच मानून चालवतो. ऑक्टोबर 2005 मध्ये सॅमी कामकर या तरुणाने मायस्पेस या सोशल नेटवर्कवरच्या आपल्या प्रोफाइलमध्ये अशी स्क्रिप्ट दडवली. प्रोफाइल बघणारा आपोआप सॅमीचा मित्र व्हायचा आणि स्क्रिप्टची प्रत त्याच्याही प्रोफाइलमध्ये जाऊन बसायची. दिवसभरात दहा लाखांवर लोक तिच्या तावडीत सापडले. मीमांसकांवर मात्र अन्याय नको: माणसाच्या शब्दात दोष येतो तो बोलणाऱ्याकडून, हे त्यांनीच बजावलं होतं. निःशंक भरवसा होता तो अपौरुषेय वेदांवर. ब्राउझर पौरुषेय कोडलाही तोच मान देतो.

मग नैयायिकांचं ऐकून जेएसगार्डसारखा तपासनीस नेमावा. पण तपासनिसाला कोण तपासणार? मीमांसकांचा हा अनवस्थेचा, म्हणजे कधीच न संपणाऱ्या तपासणीचा, आक्षेप 2024 च्या नाताळात खरा ठरला. सायबरहेवन या सुरक्षा कंपनीचं क्रोम एक्स्टेन्शनच चोरट्यांनी बदललं आणि ग्राहकांच्या ब्राउझरमध्ये ते अपडेट म्हणून आपसूक उतरलं.

नैयायिकांकडे यावर उत्तर आहे: सफल प्रवृत्ती. पाणी दिसलं, प्यायलो, तहान भागली. ज्ञान खरं होतं. व्यवहारात हे पुरतं.

वेबवर तेही पुरत नाही. 2018 मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या साइटवर अवघ्या 22 ओळींची स्क्रिप्ट घुसवली गेली. प्रवाशांनी कार्डाने पैसे भरले, तिकिटं मिळाली, कुणाचं काही अडलं नाही. त्याच क्लिकसरशी कार्डाचा तपशील कंपनीच्या नावाशी मिळत्याजुळत्या भलत्याच पत्त्यावर जात होता. फळ मिळालं म्हणून कुणी शंका घेतली नाही. कंपनीलाही चोरी कळली ती 5 सप्टेंबरला, बाहेरच्या कुणीतरी सांगितल्यावर.