‘मग आमचं काय काम?’

सोमवारी ठाण्यात मला पाहून तू खुर्चीतून उठलास, टोपी काढून पाया पडलास, शिपायांना ‘या आमच्या विज्ञानाच्या बाई’ म्हणून सांगितलंस. मला त्याचं अजिबात कौतुक वाटलं नाही. त्याआधी दहा मिनिटं मी बाहेरच्या बाकावर बसून तुझा आवाज ऐकत होते. तुझ्या हाताखालच्या माणसांसमोर बोलायचं नव्हतं म्हणून गप्प राहिले. आता लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

माझ्याबरोबर आलेली बाई आमच्यासह चार घरच्या पोळ्या करते. शनिवारी रात्री नवऱ्याने तिचा गळा दाबला, दोन्ही मुलांसकट तिला बाहेर काढलं आणि आतून कडी लावली. रात्री अकराला ती तुझ्या ठाण्यात आली. नवऱ्याने मारलं, एवढंच तिला सांगता आलं. तुझ्या माणसांनी एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेतली आणि ‘सोमवारी सेलमधल्या मॅडमना भेट, त्या बघतील’ म्हणून परत पाठवली. परत म्हणजे कुठे, हे एकानेही विचारलं नाही. दोन रात्री ती आणि मुलं माझ्या बाहेरच्या खोलीत झोपली.

महिला व मुलांच्या सेलमधल्या ताईने सोमवारी तिचं दोन तास ऐकलं. दार लोटून घेतलं, पाणी दिलं, मुलांना खाली खेळायला पाठवलं आणि मग विचारलं, ‘तुमचा आवाज असा घोगरा कशाने झाला?’ त्या एका प्रश्नावर गळ्याची गोष्ट बाहेर आली. तोवर सगळ्यांना वाटत होतं की तिला सर्दी झालीय. मलाही तेच वाटत होतं, आणि ती माझ्या घरात होती. शिकलेली नजर म्हणतात ती ही. गळ्यावर हात गेला की पुढचा धोका किती वाढतो हे ताईला ठाऊक होतं. तिने आधी दवाखान्यात पाठवायची चिठ्ठी केली, मग सगळं कागदावर उतरवून तुझ्या टेबलाशी आली. गुन्हा नोंदवा म्हणाली, घरातून मुलांची दप्तरं आणि हिची कागदपत्रं आणायला एक शिपाई द्या म्हणाली.

तू म्हणालास, ‘केस तुमच्याकडे आहे ना मॅडम, मग आमचं काय काम?’

नववीतला प्रयोगाचा तास आठव. एका टेबलावर मी दोघांना बसवत असे. प्रयोग तुझा जोडीदार करायचा, निरीक्षणंही तोच लिहायचा, आणि तू त्याची वही समोर ठेवून आपली भरायचास. एकदा मी तुझ्या पानावर लाल रेघ ओढली आणि तास संपल्यावर तुला एकट्याला उभं करून तो प्रयोग पुन्हा करून घेतला. तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास, म्हणून तेवढ्यावर सोडलं. आज तुझ्या खांद्यावर तारे आहेत आणि खोड तीच आहे.

तुझी आणि सेलमधल्या ताईची ही जोडी सरकारने तुझा भार हलका व्हावा म्हणून लावलेली नाही. 1983 मध्ये नवऱ्याच्या छळाविरुद्धचं कलम 498अ कायद्यात आलं, आणि 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठीचा पहिला विशेष कक्ष, म्हणजे असा सेल, सुरू केला. पुढे 2005 मध्ये राज्य सरकारने ही व्यवस्था आपल्या अंगावर घेतली, इतर राज्यांनीही ती उचलली. समाजकार्य शिकलेली बाई पोलिसांच्याच आवारात का बसवली? एखाद्या संस्थेच्या कचेरीत बसवता आली असती. पण तिच्या शब्दामागे वर्दीचं वजन हवं होतं, आणि वर्दीकडे नसलेला वेळ आणि कान तिने द्यायचे होते. तू मागे सरलास की ती फक्त एक खोली, एक टेबल आणि एक फाईल उरते. सोमवारी तेच झालं. शिपाई न घेता ताई तिच्याबरोबर घरी गेली. नवऱ्याने दाराआडून दोघींना शिव्या घातल्या, दप्तरं आतच राहिली.

तुझ्याकडे माणसं कमी आहेत, बंदोबस्त आहे, रात्रपाळ्या आहेत, हे मला मान्य आहे. पण शिपायाचा एक तास तुला काढता येत नव्हता, हे मी मानणार नाही.

आणि कायदा तुला माझ्याहून जास्त पाठ असायला हवा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम 5 उघड. संरक्षण अधिकारी, सेवा देणाऱ्या संस्था, मोफत वकील, कोर्टाकडे अर्ज करण्याचा हक्क, हे सगळं तिला सांगणं तुझं कर्तव्य आहे. त्याच कलमाच्या शेवटी लिहिलंय की यामुळे दखलपात्र गुन्ह्यातली पोलिसांची जबाबदारी सुटत नाही. तुझ्या ‘काय काम’चं उत्तर कायदा करणाऱ्यांनी आधीच लिहून ठेवलंय. नवऱ्याचा छळ आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली येतो, आणि बाई स्वतः येऊन सांगते तेव्हा तो दखलपात्र असतो. मग एनसी कशी लिहिली?

वर तू मला म्हणालास, ‘बाई, दोघांना समोरासमोर बसवू, मिटून जाईल.’ ज्याने गळा धरला त्याच्या शेजारच्या खुर्चीवर ती काय बोलणार होती? कोर्टाने नेमलेल्या समुपदेशकालाही 2006 च्या नियमांनी बांधून घातलंय: मारहाणीचं समर्थन नवऱ्याला तिथे करता येत नाही, आणि हे त्याला आधीच सांगावं लागतं. तू त्याला चहा पाजून त्याची बाजू ऐकणार होतास.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत मार सोसलेल्या शंभरातल्या जेमतेम चौदा बायकांनी कुठेतरी मदत मागितल्याचं दिसलं. यात आईकडे, बहिणीकडे रडलेल्याही आल्या. पोलिसांची पायरी चढणाऱ्या त्याहून किती थोड्या असतील याचा विचार कर. त्यांतली एक रात्री अकराला, दोन मुलं घेऊन तुझ्या दारात उभी होती.

उद्या दहा वाजता मी तिला आणि ताईला घेऊन येते आहे. दवाखान्याचा कागद सोबत आहे. जबाब तिच्या शब्दांत लिहून घ्यायचा, वाचून दाखवायचा, एफआयआरची प्रत तिच्या हातात द्यायची. ती फुकट मिळते. मग एक शिपाई आणि एक महिला शिपाई ताईबरोबर जातील. धाकट्याचं दप्तर पलंगाखाली आहे, निळं. मोठीची परीक्षा गुरुवारी आहे. पाया पडायला उठू नकोस.