धायटी आणि आग्रह

दिवाळीचा फराळ पोटाची जितकी परीक्षा घेतो, तितकीच आग्रहाचीही घेतो. पाहुणा ताटावर आडवा हात धरतो आणि वाढणारा त्या हाताच्या फटीतून लाडू खाली सोडतो. पाहुण्याने तो खाल्ला नाही तर वाढणाऱ्याचे मन मोडते. खाल्ला तर पाहुण्याचे पोट बिघडते. आपल्याकडे या प्रकाराला माया म्हणतात. मीही तेच म्हणत आलो होतो. परंतु एका झुडपाने आणि एका मुलाने माझी ती समजूत पार हलवून टाकली.

झुडूप धायटीचे. आमच्या फैजपूरच्या उत्तरेला सातपुडा आहे. माघ-फाल्गुनात पालच्या बाजूला गेले, की ज्या उतारावर मुरूम आणि दगड यांखेरीज काही नाही, तेथे ही झुडपे लाल होऊन उभी असतात. पुरुष-दीड पुरुष उंची, बाहेर झुकलेल्या लांब फांद्या आणि फांदीभर चिकटलेली नळीसारखी बारीक फुले. मेंदी आणि तामण यांच्या कुळातलीच ही. संस्कृतात तिला धातकी म्हणतात, आणि वैद्य तिची फुले आसवे-अरिष्टे आंबवण्यासाठी वापरतात. मुलांना वैद्यकाशी कर्तव्य नसते. ती फूल तोडतात आणि त्यातला मध चोखतात.

दहा वर्षांपूर्वी त्या बाजूच्या एका पाड्यावरचा पावरा मुलगा माझ्या वर्गात आला. गणितात त्याची बुद्धी अशी चाले, की मी फळ्याकडे वळेपर्यंत त्याचे उत्तर तयार असे. मी त्याला शिकण्यासाठी घरीच ठेवून घेतला. येताना त्याने वडिलांच्या बांधावरचे धायटीचे एक रोप मुळांसकट आणले होते. "गुरुजी, तुमच्याकडे हे नाही," एवढेच तो म्हणाला.

आमचा मुलूख केळीचा. जमिनीला द्यायचे ते भरभरून द्यायचे, ही येथली रीत. मी परसातल्या काळ्याभोर मातीत रोप लावले, शेणखत घातले, वर मूठभर डीएपी टाकले आणि रोज बादलीभर पाणी सुरू केले. रोप पाल्याने असे भरले, की शेजारी पाहायला येत. फूल मात्र एक आले नाही. पुढच्या पावसाळ्यात काळ्या मातीने पाणी धरून ठेवले, पाने पिवळी पडली, आणि दसऱ्याला मी रोप उपटले तेव्हा मुळांना कुजका वास येत होता.

मुलाचेही मी असेच भरभरून केले. दोन वेळा दूध, नवे कपडे, पहाटे पाचला अभ्यास. "घरात पावरी बोलू नकोस, मराठी सुधारणार नाही," असेही मी त्याला बजावले होते. होळीच्या आधी त्याने भोंगऱ्या बाजारासाठी चार दिवसांची रजा मागितली. परीक्षा जवळ आली म्हणून मी नाही म्हटले. एका सकाळी त्याची वळकटी नीट बांधून ठेवलेली दिसली. मुलगा डोंगराकडे निघून गेला होता. मला संताप आला. एवढे केले त्याचे हे फळ! दोन दिवसांनी त्याचे वडील आले आणि हात जोडून म्हणाले, "मास्तर, तुम्ही लई केलं. पण पोराला इथं झोप येत नव्हती."

त्यानंतर काही महिन्यांनी एका पुस्तकात ऑस्ट्रेलियातल्या बँक्सिया नावाच्या झुडपाची हकीकत वाचली. १७७० साली कॅप्टन कुकच्या जहाजावरून गेलेल्या जोसेफ बँक्सने त्याचे नमुने गोळा केले, म्हणून हे नाव. तेथली जमीन फार जुनी आणि निकस. तीत स्फुरद अगदी थोडे. बँक्सियाच्या मुळांना बारीक तंतूंचे दाट झुबके फुटतात आणि ते मातीतला कण न् कण स्फुरद शोधून घेतात. अशा झुडपाला कोणी प्रेमाने स्फुरदाचे खत घातले, तर त्याच्या कित्येक जातींना ते बाधते, कधी झाड मरतेही. माझी धायटी पाण्याने गेली, खताने नव्हे. पण अपराध एकाच जातीचा.

येथे मनात एक अवघड प्रश्न उभा राहिला. मग गरिबाच्या मुलाला मुरुमातच राहू द्यावे काय? 'त्यांना तेच मानवते' असे म्हणून हात झटकणारे पुष्कळ भेटतात. ते माझ्याहून अधिक अपराधी आहेत. बँक्सियाच्या कोवळ्या रोपालासुद्धा पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्यावेच लागते. त्या मुलाला गणित हवे होते, पुस्तके हवी होती. फक्त त्यासाठी स्वतःची बोली आणि स्वतःची होळी गहाण टाकायची त्याची तयारी नव्हती. मी देत होतो ते माझ्याजवळ होते म्हणून. त्याला काय हवे, हे मी विचारलेच नव्हते.

खरे तर आमच्या गावाला हा धडा नवा नव्हता. डिसेंबर १९३६ मध्ये येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेडेगावात भरलेले पहिलेच. नंदलाल बोस शांतिनिकेतनहून आले आणि त्यांनी टिळकनगर सजवले ते बांबूसारख्या येथल्याच साध्या वस्तूंनी. एवढा मोठा कलावंत, पण आधी येथे काय आहे ते त्याने पाहिले. मी जन्मभर ही गोष्ट मुलांना सांगितली आणि स्वतः मात्र ती शिकलो नाही.

शेवटी एका रविवारी मी पाड्यावर गेलो आणि मुलाला विचारले, "तुला काय पाहिजे?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "रविवारी इथं या." मी तीन वर्षे जात राहिलो. पहिल्या वर्षी परतताना धायटीचे बी आणले, वाळूत मिसळून मुरुमाच्या वाफ्यात पेरले, दोन उन्हाळे बेताचे पाणी दिले. तिसऱ्या वर्षी झुडूप फुलले.

मुलगा आता कर्ता झाला आहे. गेल्या दिवाळीला तो फराळाला आला होता. मी विचारले, "आणखी एक लाडू?" तो म्हणाला, "नको, गुरुजी." मी लाडू डब्यात परत ठेवला. त्याला खरेच नको होता, की तो संकोचाने नको म्हणाला, हे मला अजून कळलेले नाही.