आरामाचा आराखडा

सुट्टी आखताना आपण नेमकं काय करत असतो? तिकिटं, बॅगा, सनस्क्रीन वगैरे बाजूला ठेवू. आज घरात पंख्याखाली बसलेला मी चार महिन्यांनंतरच्या एका माणसाचे निर्णय घेत असतो. तो मंगळवारी कुठे असेल, बुधवारी त्याला काय पाहून आनंद होईल, गुरुवारी तो किती वाजता उठेल. तो माणूस मीच असणार, पण मी त्याला काही विचारलेलं नाही. रेल्वेच्या प्रवासात हे खपून जातं, कारण गाडीलाही वेळापत्रक असतं. शिडाच्या बोटीत खपत नाही. तिथे तिसरा एक पक्ष असतो, वारा, आणि त्याला आपल्या ग्रुपमध्ये ॲड करता येत नाही.

आम्ही पाच मित्र सध्या असाच एक बेत करतोय. जागा कॅरिबियनमधली, ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स. बोट आठवडाभर भाड्याने घेऊन स्वतः चालवायची. आमच्यातल्या दोघांनी त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलंय, आणि अशा पहिल्या सफरीसाठी ही बेटं हमखास सुचवली जातात. त्याचं कारण भूगोलात आहे. टॉर्टोला हे मोठं बेट एका बाजूला, नॉर्मन, पीटर, सॉल्ट, कूपर ही लहान बेटं दुसऱ्या बाजूला, आणि मधे सर फ्रान्सिस ड्रेक चॅनल नावाची पाण्याची लांबट पट्टी. महासागराच्या मोठ्या लाटा बऱ्याचशा बाहेरच अडतात. एका बेटावरून पुढचं बेट नुसत्या डोळ्यांनी दिसतं. भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरच्याही आत. हिवाळ्यात पूर्वेकडून व्यापारी वारे येतात, बरेचदा 15 ते 20 नॉटचे. पाणी बारा महिने कोमट.

त्यामुळे शीटमध्ये बेत अगदी सुटसुटीत दिसतो. रोड टाउनहून निघायचं, पहिली रात्र नॉर्मन आयलंडला. मग वाऱ्याच्या विरुद्ध, तिरकं तिरकं जात व्हर्जिन गोर्डा आणि तिथले घराएवढे ग्रॅनाइटचे धोंडे. मग उत्तरेला ॲनेगाडा. मग वारा पाठीशी घेऊन योस्ट व्हॅन डाइक, आणि परत. सात दिवस, सात ओळी.

या सातांतली पाचवी ओळ मला त्रास देते. ॲनेगाडा बाकीच्या बेटांसारखं नाही. ती डोंगराळ आहेत, हे प्रवाळाच्या चुनखडीचं, सपाट, सर्वांत उंच जागी जेमतेम आठ-नऊ मीटर. स्पॅनिशमध्ये नावाचा अर्थच ‘बुडालेलं’. अगदी जवळ जाईपर्यंत ते नीट दिसत नाही, आणि त्याच्या आग्नेयेला हॉर्सशू रीफ हा पाण्याखालचा लांबलचक कडा पसरलाय. आजवर तिथे शेकडो जहाजं फुटली. व्हर्जिन गोर्डाहून तिथवर साधारण 15 सागरी मैल उघडा समुद्र. हिवाळ्यात दूर अटलांटिकमध्ये वादळं झाली की उत्तरेकडून मोठ्या लाटांची रांग येते, आणि आकाश निरभ्र असतानाही उत्तरेला तोंड असलेले किनारे राहण्याजोगे उरत नाहीत. नेमकं याच बेटावर सगळ्यांना जायचं असतं. तिथला समुद्रकिनारा, तिथले लॉबस्टर, तिथली शांतता.

आता पाचव्या दिवसाची सकाळ डोळ्यांसमोर आणा. वारा 25 नॉटचा. पाच जणांनी वर्षभर पैसे साठवलेत. संध्याकाळच्या जेवणाची ऑर्डर आधीच देऊन झालीय. बोटीवर एकाच्या पोटात गोळा आलाय, पण बाकीचे चौघं दोऱ्या सोडायला लागलेत. नको म्हणायचं कुणी? आणि जो म्हणेल त्याला पुढची दहा वर्षं ‘तुझ्यामुळे ॲनेगाडा राहिलं’ हे ऐकावं लागणार असेल, तर त्याने का म्हणावं?

मला वाटतं, नैतिक प्रश्न इथे आहे, आणि तो समुद्रात उतरण्याच्या कितीतरी आधी, शीट भरतानाच उभा राहतो. इच्छा लिहून ठेवली की तिचा हक्क व्हायला वेळ लागत नाही. ‘जमलं तर ॲनेगाडा’ महिन्याभरात ‘गुरुवारी ॲनेगाडा’ होतं, आणि मग गुरुवारचा वारा हा आपल्यावर झालेला अन्याय वाटू लागतो. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे नवं नाही. अंदाज म्हणून सांगितलेली तारीख दोन मीटिंगांनंतर वचन होऊन परत येते. फरक इतकाच की रिलीज पुढे ढकललं तर कुणी बुडत नाही.

या बेटांच्या इतिहासातच याचं एक कठोर उदाहरण आहे. ऑक्टोबर 1867 मध्ये ‘ऱ्होन’ हे ब्रिटिश टपाल-जहाज पीटर आयलंडपाशी नांगर टाकून होतं. एरवी ते सेंट थॉमसला थांबलं असतं, पण तिथे पीतज्वराची साथ होती. 29 तारखेला बॅरोमीटर उतरू लागला. चक्रीवादळांचा मोसम संपला असं धरलेलं होतं, त्यामुळे हे उत्तरेकडचं हिवाळी वादळ असेल असा समज झाला. होतं ते चक्रीवादळ. पहिला तडाखा ओसरल्यावरच्या शांततेत जहाज खुल्या समुद्राकडे निघालं, आणि वारा उलटल्यावर सॉल्ट आयलंडच्या खडकांवर आदळलं. सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. जहाजाचे अवशेष आजही तिथेच आहेत, लोक हौसेने पाणबुडी मारून पाहायला जातात. त्या कप्तानाला मूर्ख ठरवणं सोपं आहे आणि खोटंही. त्याने त्या काळातलं ज्ञान वापरलं. पण समोरचं यंत्र एक सांगत असताना कॅलेंडर दुसरं सांगत होतं, आणि कॅलेंडर जास्त ओळखीचं होतं.

यावर कुणी म्हणेल, मग बेत आखूच नका. वारा नेईल तिकडे जा, तेच खरं स्वातंत्र्य. रीलमध्ये हे वाक्य छान दिसतं. पण बिनबेताच्या माणसाचा खर्च दुसरं कुणीतरी उचलत असतं. तो अंधार पडल्यावर खाडीत पोचतो, बांधायला मोकळी बॉया नसते, तळ दिसत नाही, आणि त्याचा नांगर समुद्री गवतावर नाहीतर प्रवाळावर पडतो. प्रवाळाचे बरेच प्रकार वर्षाला जेमतेम एखादा-दोन सेंटिमीटर वाढतात. साखळीचा एक फेरा दशकांचं काम मोडतो. तो अडकला तर त्याला आणायला जे जातात, ते व्हर्जिन आयलंड्सच्या बचाव पथकाचे स्वयंसेवक असतात, आपापली कामं सोडून आलेले. ‘मी मुक्त आहे’ म्हणणाऱ्याने आपला आराखडा दुसऱ्यांच्या डोक्यावर ठेवलेला असतो, इतकंच.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात एक उपमा आहे: वारा पाण्यावरून नावेला ओढून नेतो, तसं इंद्रियांमागे धावणारं मन बुद्धीला ओढून नेतं. शिडाची बोट चालवायला शिकताना ती वेगळीच कळते. वारा तोच असतो. शीड सैल सोडलं तर बोट भरकटते, पण शीड ताणून, सुकाणू धरून तीच बोट वाऱ्याशी साधारण 45 अंशांचा कोन करत त्याच्या उगमाकडे सरकते. सरळ कधीच जाता येत नाही. आधी डावीकडे, मग उजवीकडे, दुप्पट वेळ घेत. ज्याला ‘सरळच जायचंय’ तो हट्टी, आणि ज्याने दोरी सोडली तो भरकटलेला. या दोघांच्या मधे बेत नावाची गोष्ट बसते.

मग बेताची पारख कशी करायची? निकालावरून करता येणार नाही. 6 सप्टेंबर 2017 ला इर्मा हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ थेट या बेटांवरून गेलं, ताशी 280 किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्यांसह. शेकडो बोटी आधीच टॉर्टोलाच्या पॅराकिटा बेमध्ये नेऊन बांधल्या होत्या. वादळात आसरा घेण्याची ती नावाजलेली जागा. त्या तिथेच एकमेकींवर चढून ढीग झाल्या. तयारी चुकीची होती का? नाही. ती पुरली नाही. म्हणून बेताला विचारायचा प्रश्न मला दुसराच वाटतो. हा बेत मोडायची वेळ आली, तर मोडणाऱ्याला किती किंमत मोजावी लागेल? ती किंमत जितकी कमी, तितका बेत चांगला.

आपल्याकडच्या कोळ्यांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवलाय. पावसाळ्यात होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग समुद्रात जायचं. सरकारी मासेमारी बंदीही 1 जूनला सुरू होते. अटलांटिकचा चक्रीवादळांचा मोसमही योगायोगाने त्याच दिवशी सुरू होतो. प्रथेतला देवभाव ज्याचा त्याने ठरवावा. पण तिच्यामुळे ‘आज नको’ म्हणायची जबाबदारी एकट्या तांडेलाच्या अंगावर पडत नाही. नकार सगळ्यांचा मिळून आधीच ठरलेला असतो, त्याला भित्रा म्हणायला जागाच उरत नाही.

एपिक्टेटसने जीवनाला जहाजाच्या मुक्कामाची उपमा दिलीय. पाणी भरायला किनाऱ्यावर उतरलात तर वाटेत शिंपले वेचा, पण कान कप्तानाच्या हाकेकडे ठेवा, आणि हाक आली की सगळं टाकून या. मला हे आवडतं, पण आमच्या बोटीवर हाक मारणाराही आमच्यातलाच एक आहे, आणि त्यालाही शिंपले हवेत. म्हणून ती हाक आम्ही इथे बसूनच ठरवतोय. अंदाज 20 नॉटच्या वर किंवा उत्तरेकडून मोठ्या लाटांचा इशारा असेल तर ॲनेगाडा रद्द, मतदान नाही. पाचांपैकी एकाने नको म्हटलं तरी रद्द, आणि कारण विचारायचं नाही. यावर एक मित्र म्हणाला, “मग एखादा आळशी माणूस पूर्ण ट्रिप कूपर आयलंडला नांगरून ठेवेल.” शक्य आहे. पण ती चूक झाली तर आमचा एक दिवस कोमट पाण्यात पडून जाईल. उलट चुकीत काय जाईल ते ऱ्होनच्या अवशेषांपाशी दिसतं. दोन्ही चुका एका वजनाच्या नाहीत.

शीटमध्ये आता सातऐवजी आठ ओळी आहेत, एक जास्तीचा दिवस भाड्याने घेतलाय. त्या ओळीत मुक्कामाचं नाव नाही. कुणीतरी तिथे कायाकिंग लिहिलं होतं, दुसऱ्याने डायव्हिंग. दोन्ही खोडून झालंय. तो दिवस वापरला जाईल की नाही, आणि कशासाठी, हे त्या आठवड्यातला वारा आणि त्या आठवड्यातले आम्ही मिळून ठरवू. चार महिन्यांनंतरच्या त्या माणसाला आज मला एवढंच देता येतं, आणि एवढं तरी त्याच्यासाठी ठेवायला हवं.