अंधारातले व्रत

दिवाळी अंकात अंधाराची तरफदारी करणे म्हणजे लग्नघरात शिंकण्यासारखे आहे, हे मी जाणतो. परंतु लक्ष्मीपूजन आपण अमावास्येला करतो, पौर्णिमेला नव्हे. ज्या रात्री आभाळात चंद्र नसतो, त्याच रात्री पणतीची किंमत कळते. माणसाच्या चांगुलपणाचेही असेच काही असावे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. चारचौघांच्या देखत आपण सगळेच बरे वागतो. कोणी पाहत नसताना माणूस जसा वागतो तसा तो असतो, हा सुविचार आम्ही मास्तर लोक वर्षातून एकदा तरी फळ्यावर लिहितो. लिहायला तो सोपा आहे. कसोटी म्हणून लावायला मात्र महाकठीण. कोणी पाहत नसतानाचे वागणे पाहणार तरी कोण?

या प्रश्नाचा विचार करायला मला एक विलक्षण सोबती मिळाला. तो एक चोर आहे.

हा चोर संगणकावरच्या एका खेळातला. खेळाचे नावच 'थीफ'. माझा भाचा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो कसबा बावड्याला आमच्या घरी राहायला आला, तो या मालिकेतले चारही खेळ बरोबर घेऊनच. साखर कारखान्याचा हंगाम आटोपलेला, उसाच्या गाड्या थांबलेल्या, रस्ते शांत. आणि आमच्या माडीवर मात्र रोज रात्री दिवे मालवून घरफोड्या चाललेल्या! पहिले दोन दिवस मी नुसता पाहत होतो. तिसऱ्या दिवशी मीही चोर झालो.

पहिला खेळ, 'द डार्क प्रोजेक्ट', अमेरिकेतल्या लुकिंग ग्लास स्टुडिओज या संस्थेने १९९८ साली काढला. त्या काळी अशा खेळांतला नायक बहुधा हातात बंदूक घेऊन दिसेल त्याला लोळवीत पुढे जाई. त्याच वर्षी जपानमधूनही 'मेटल गिअर सॉलिड' आणि 'तेन्चू' हे लपतछपत जाण्याचे खेळ आले, आणि एक नवीच तऱ्हा रूढ झाली. 'थीफ'चा नायक गॅरेट याला तलवार आहे, पण तो लढवय्या नाही. दोन पहारेकरी एकदम अंगावर आले की त्याची बहुधा धडगत नसते. पडद्याच्या तळाशी एक रत्न असते. गॅरेट उजेडात आला की ते उजळते, सावलीत गेला की मावळते. फरशीवर, पत्र्यावर पाऊल वाजते. गालिच्यावर, गवतावर वाजत नाही. त्याच्या भात्यात पाण्याचे बाण असतात, ते मशाली विझवायला. शेवाळाचे बाण असतात, ते वाजणारी जमीन मऊ करायला.

हे सारे पाहताना मला राहून राहून शर्विलकाची आठवण होत होती. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला तो घरफोड्या. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणले, त्यामुळे जुन्या नाट्यरसिकांना त्याची ओळख आहेच. हा ब्राह्मण चोर भिंतीला भोक पाडण्याआधी त्याचा आकार कोणता असावा याचा कलावंतासारखा विचार करतो आणि माप घ्यायला दोरी नाही म्हणून गळ्यातले जानवे काढतो. जुने कवाड करकरू नये म्हणून त्याच्यावर पाणी शिंपडतो, आणि ते पाणी जमिनीवर पडून वाजेल की काय, या धास्तीने कान टवकारतो. खोलीतला दिवा विझवायला त्याने एक किडा बाळगलेला असतो. तो सोडला की दिव्याभोवती घिरट्या घालून पंखांनी ज्योत मालवतो. गॅरेटच्या पाण्याच्या बाणाचा हा थोरला भाऊच म्हणायचा!

परंतु साम्य एवढ्यावर संपत नाही. शर्विलकाला काही नियम आहेत, आणि मदनिकेपुढे तो ते अभिमानाने सांगतो. स्त्रीच्या अंगावरचे दागिने तो ओरबाडत नाही, यज्ञासाठी ठेवलेल्या सोन्याला शिवत नाही, दाईच्या मांडीवरचे मूल पळवीत नाही. गॅरेटलाही नियम आहेत, आणि ते ज्या पद्धतीने त्याच्यावर येतात, तीच मला या खेळातली सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट वाटली.

बहुतेक खेळांत सोपी, मध्यम, अवघड अशा पातळ्या असतात. अवघड पातळी म्हणजे शत्रू अधिक, शत्रू बळकट. या चोराच्या खेळातही तीन पातळ्या आहेत. परंतु इथे पातळी चढली की मुख्यतः वाढते ती खेळणाऱ्याची जबाबदारी. लूट अधिक आणावी लागते, आणि सर्वांत वरच्या पातळीवर, जिथे माणसांशी गाठ असते तिथे, बहुतेक वेळा एक अट येते : कोणालाही ठार मारायचे नाही. तलवार कमरेला आहे, पहारेकरी पाठमोरा आहे, भोवती काळोख आहे. आणि हात आवरायचा आहे. एक माणूस मारला गेला की डाव फसला. अवघड याचा अर्थ 'समोरचा बलवान' असा न घेता 'माझा हात बांधलेला' असा घेणारा खेळ मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आपल्याकडे याला एक जुना शब्द आहे : व्रत. चातुर्मासात वांगे न खाणारी आजी वांग्याला भीत नसते. ते समोर ताटात येऊ शकते, खाल्ले तर कोणी दंड करणार नाही. म्हणून तर न खाण्याला काही अर्थ.

हे मी भाच्याला सांगू लागलो, तेव्हा त्याने मला थांबवले. "मामा, ती अट खेळानंच घातलीय की. मोडली तर डाव जातोय. मग ते व्रत कसलं? तो कायदाच झाला."

पोराचे म्हणणे खरे होते. परंतु पुढे त्यानेच मला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तिने त्याच्याच आक्षेपाला उत्तर दिले. या खेळाच्या जगभरच्या भक्तांनी आपण होऊन आणखी कडक नियम करून घेतले आहेत. मारणे तर सोडाच, कोणाला बेशुद्धही करायचे नाही. कोणाच्या मनात संशयसुद्धा येता कामा नये. त्याहून कडक नियमांत उघडलेले दार पुन्हा लावायचे आणि वापरलेली किल्ली होती तिथे परत ठेवायची. याला ते 'घोस्ट' म्हणजे भुतासारखे खेळणे म्हणतात. पहिल्या खेळात हे मोजायची सोय नाही. किल्ली परत ठेवली म्हणून खेळ एक छदाम जास्त देत नाही.

"मग बघतंय कोण?" मी विचारले.

"कोण न्हाई," तो म्हणाला आणि हसला.

या एका कसोटीवर चारही खेळ घासून पाहावेत, असे मग मी ठरवले.

दुसरा खेळ, 'द मेटल एज', मार्च २००० मधला. त्यानंतर दोनच महिन्यांत त्याची जन्मदाती संस्था बंद पडली. पहिल्या खेळात भुतेखेते आणि तळघरांतली प्रेते बरीच होती. दुसऱ्याने ती कमी करून घरफोडीवरच भर दिला. छपरांवरून छपरांवर जात सबंध शहर ओलांडून एका मनोऱ्यात शिरण्याचा त्यातला प्रसंग अनेकांना साऱ्या मालिकेत श्रेष्ठ वाटतो. कारागिरीत हा खेळ सर्वांत सरस, यात मलाही शंका नाही. पण माझे लक्ष वेधले ते त्यातल्या खलनायकाने. कॅरास नावाचा हा धर्मवेडा यंत्रपूजक शहरभर यांत्रिक डोळे बसवतो. डोळा हळूहळू फिरत राहतो. चोर दिसला की त्याचा हिरवा दिवा पिवळा होतो, मग लाल. आणि हाच कॅरास रस्त्यावरच्या निराधार माणसांना मुखवटे चढवून त्यांचे मुके नोकर बनवतो. त्यांना मन उरत नाही, फक्त आज्ञापालन उरते. सतत पाहणारा डोळा आणि विचार न करणारा आज्ञाधारक यांना एकाच घरात जन्माला घालणाऱ्या कथाकाराचे मला मोठे कौतुक वाटले.

तिसरा, 'डेडली शॅडोज', आयन स्टॉर्म या दुसऱ्या संस्थेने २००४ साली काढला. दोराचे बाण त्यात नाहीत, पोहता येत नाही. जुने खेळाडू कुरकुरले. तरी कथेच्या दृष्टीने तो मला सर्वांत खोल वाटला. एकेकाळी अनाथाश्रम आणि वेड्यांचे इस्पितळ असलेल्या एका ओसाड वास्तूत गॅरेट शिरतो आणि तिथे अडकलेल्या एका मुलीच्या आत्म्याला मोकळे करतो. नुसते न मारणाऱ्या चोराने कोणाला तरी सोडवलेही. अखेरीला तर एक फार सुंदर गोष्ट घडते. पहिल्या खेळाच्या आरंभी रस्त्यावरचा भुकेला पोरगा गॅरेट एका गूढ माणसाचा खिसा कापायला गेला होता. तो माणूस लोकांना सहसा दिसतच नसे. या पोराला तो दिसला, आणि त्यातून त्याचे आयुष्य बदलले. तिसऱ्या खेळाच्या शेवटी एक लहान मुलगी गॅरेटच्या खिशाला हात घालते, आणि तो तिचे मनगट धरतो. ज्याने जन्मभर न दिसण्याची विद्या केली, त्याला कोणीतरी पाहिले! आणि त्या पाहण्यात पकडले जाण्याची भीती नाही. ओळखले जाण्याचा दिलासा आहे.

चौथा खेळ, नुसताच 'थीफ', आयडॉस माँट्रियलने २०१४ साली आणला. दिसायला तो सर्वांत देखणा. त्यातला गॅरेट आपल्या सोबतिणीवर, एरिनवर, ती सहज जीव घेते म्हणून रुष्ट होतो. म्हणजे जुने व्रत त्याला ठाऊक आहे. पण एक विशेष दृष्टी त्याला दिलेली असते, ती वापरली की उपयोगाच्या वस्तू आपोआप झळकू लागतात. शिवाय खेळणारा आपली पातळी स्वतः रचू शकतो : मारणार नाही, बेशुद्ध करणार नाही, विशेष दृष्टी वापरणार नाही. एकेक चौकोन टिचकावत जायचे, आणि प्रत्येक संयमाला गुण ठरलेले! शेवटी गुणांची बेरीज होऊन जगातल्या इतर खेळाडूंच्या यादीत आपले नाव लागते. पहिल्या खेळाच्या भक्तांनी जे काळोखात, कोणी न विचारता केले, त्याचा इथे फलक लागला. फलकात पाप आहे असे मी म्हणत नाही. परंतु उपास सोडताना जी बाई शेजारणीला हाक मारून सांगते, तिचे पोट रिकामे राहिले एवढेच खरे.

इथे कोणी म्हणेल, "मास्तर, चोर तो चोर! त्याच्या नियमांचे एवढे स्तोम कशाला?" हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शूद्रकानेच देऊन ठेवले आहे. शर्विलक आपले सारे नियम पाळून चारुदत्ताच्या घरून दागिने नेतो. ते असतात वसंतसेनेची ठेव. त्या दरिद्री घराची अब्रू राखण्यासाठी चारुदत्ताची पत्नी धूता आपली रत्नमाला काढून देते. चोराने स्त्रीच्या अंगाला हात लावला नाही, आणि तरीही एका स्त्रीच्या अंगावरचा दागिना गेला! आपल्या सोयीची सीमा आखून घेऊन तिच्या आत निष्पाप राहणे, ही व्रताची सर्वांत मोठी फसवणूक आहे. पण कथा पुढेही जाते. मदनिकेच्या सांगण्यावरून शर्विलक दागिने परत करतो. ज्याने आधी लहानशी का होईना, रेघ आखलेली असते, त्याला ती पुढे सरकवता येते. ज्याच्याजवळ रेघच नाही, तो काय सरकवणार?

मग लपणे हेच पाप आहे काय? आमच्या गावापासून पन्हाळा काही दूर नाही. ६ मार्च १६७३ च्या रात्री कोंडाजी फर्जंद साठ माणसांनिशी कडा चढून त्या गडावर शिरला आणि गड स्वराज्यात आला. त्याला आपण भेकड म्हणत नाही. काळोख स्वतः पुण्यवान नसतो आणि पापीही नसतो. तो माणसाला मोकळे सोडतो, इतकेच. पुढचे माणसावर.

आणि हा मोकळेपणा आता दुर्मिळ होत चालला आहे, ही माझी खरी चिंता. ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळांत कॅमेरे बसवणे बंधनकारक केले. लहान लेकरांच्या सुरक्षिततेसाठी ते हवेतच. त्याविरुद्ध मी चकार शब्द काढणार नाही. पण ज्या मुलाने शाळेतला एकही तास कोणाच्या नजरेबाहेर घालवला नाही, त्याला आपण प्रामाणिक आहोत की नुसते सावध, हे कधी कळायचे?

म्हणून वर्गात मी एक करतो. महिन्यातून एकदा दहा प्रश्न फळ्यावर लिहितो आणि मुलांनाच विचारतो : पुस्तक उघडून लिहिणार की दप्तरात ठेवून? दोन्हींना मुभा. गुण कुठेच मांडायचे नाहीत. मग मी वऱ्हांड्यात जाऊन उभा राहतो. मागे एकदा घंटा झाल्यावर एक मुलगी बाहेर आली. पुस्तक दप्तरात ठेवणाऱ्यांपैकी ती. म्हणाली, "सर, शेवटच्या प्रश्नाला मी पुस्तक काढलं." तिला कोणी पाहिले नव्हते. सांगितले नसते तर काही बिघडणार नव्हते, आणि सांगून काही मिळणारही नव्हते. मी तिला शाबासकी दिली नाही. दिली असती तर तिच्या सांगण्याला गुण मिळाले असते, आणि ते तिचे उरले नसते. मी फक्त "बरं" म्हणालो. ती आत गेली आणि वही मिटून दप्तर भरू लागली.

चार खेळांत श्रेष्ठ कोणता, असे भाच्याने मला जाताना विचारले. कारागिरी दुसऱ्याची, कथा तिसऱ्याची, रूप चौथ्याचे. पण मला निवडायचा तर मी पहिला निवडीन. त्याने पातळी निवडायला सांगितली आणि मग अंधारात मला एकटे सोडले. यंदा अमावास्येला अंगणात पणत्या लावताना घराचा एखादा कोपरा वाचकांनी मुद्दाम काळोखा ठेवावा. तिथे कोणी पाहत नाही. तिथे आपण कोणती पातळी निवडतो, ते आपल्याला कळेल, आणि तेवढे पुरेसे आहे.