दोरीला बांधलेलं भय

रशियातल्या कारेलिया प्रांतात, आर्क्टिक वृत्ताला लागून, श्वेत समुद्राच्या काठी नीलमोगुबा नावाचं गाव आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथला समुद्र गोठलेला असतो. त्या बर्फात करवतीने त्रिकोणी भोक कापून सुट्टीवर आलेली माणसं खाली उतरतात. त्रिकोणी अशासाठी, की कोपऱ्यात दोन्ही हात टेकून वर येणं सोपं जातं. पाणी उणे दीड अंशाच्या आसपास. आत जाड कपडे, वर पाणी शिरू न देणारा ड्रायसूट, तरी उघडे राहिलेले ओठ काही मिनिटांत बधिर होतात. टाकीतली हवा दाबातून सुटताना आणखी थंड होते, श्वासासाठी हवा सोडणाऱ्या रेग्युलेटरमधली ओल गोठते, झडप उघडीच अडकते आणि हवा भसाभसा वाहून जाते. म्हणून रेग्युलेटर दोन घ्यायचे, दोन वेगळ्या व्हॉल्व्हना जोडलेले. अंगाला दोरी बांधलेली असते आणि तिचं दुसरं टोक बर्फावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतं. डोक्यावर बर्फाचं छत आणि बाहेर पडायची वाट एकच.

एवढा खटाटोप कशासाठी? खाली निळसर-हिरवा उजेड असतो, बर्फाच्या पोटाला तपकिरी शेवाळ धरलेलं असतं, खडकांवर समुद्रफुलं. सुंदर आहे, यात वाद नाही. पण सुंदर तर लक्षद्वीपची प्रवाळंही आहेत, आणि ती पाहताना ओठ बधिर होत नाहीत. बर्फाखाली जाऊन आलेली माणसं बोलू लागली की त्यांच्या तोंडी सौंदर्यापेक्षा वेगळे शब्द येतात. कॅथेड्रल, मौन, आपलं क्षुद्रपण. एरवी देवाधर्माच्या वाटेला न जाणारेही याच भाषेत बोलतात.

याच रशियात १९ जानेवारीला, येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला, नदी-तळ्यांच्या बर्फात अनेक ठिकाणी क्रूसाच्या आकाराचं भोक कापतात. भाविक त्यात तीन बुड्या मारतात आणि बाहेर येतात. तिथे अर्थ आधीच ठरलेला असतो, भीती वाटली काय आणि न वाटली काय. त्रिकोणी भोकातून उतरणाऱ्याकडे मात्र असा तयार अर्थ नसतो, भीतीतूनच तो काढावा लागतो. मग पैसे भरून आणि दोरी बांधून घेतलेल्या या भीतीला धार्मिक अनुभव म्हणायचं का?

युरोपीय तत्त्वज्ञानाने हे प्रकरण अठराव्या शतकातच हाती घेतलं होतं. एडमंड बर्कने १७५७ मध्ये मांडलं, की उदात्ताच्या मुळाशी भय असतं, पण धोका फार जवळ आला की त्यातली गोडी जाते. कांटने १७९० मध्ये आणखी स्पष्ट सांगितलं. कडे, वादळं, खवळलेला समुद्र उदात्त वाटतात ते आपण सुरक्षित जागी असलो तरच. (कांट आयुष्यभर कोनिग्सबर्ग आणि आसपासचा मुलूख सोडून गेला नाही, तेव्हा सुरक्षित जागेबद्दल बोलण्याचा त्याला पुरेपूर अधिकार होता.) आणि त्या क्षणी थोर ठरतो तो समुद्र नव्हे, शरीराने दुबळं असूनही त्याच्यापुढे न वाकणारी आपली बुद्धी थोर ठरते. कांटच्या लेखी दोरी ही त्या अनुभवातली खोट नाही, त्याची अट आहे.

काश्मिरी रसमीमांसक अभिनवगुप्ताने हीच गाठ आठ शतकं आधी वेगळ्या बाजूने सोडवली होती. कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे जीव घेऊन पळणारं हरिण येतं. ते पाहताना प्रेक्षक भयाचा आस्वाद घेतो, कारण ते भय कुणा एकाचं उरत नाही. ‘मी भ्यालो’ नाही, ‘तो भ्याला’ही नाही, म्हणून नाट्यगृहातून पळून जावंसं वाटत नाही. या कसोटीला बर्फाखालची बुडी उतरत नाही. रेग्युलेटर गोठला तर गुदमरणारं शरीर सर्वस्वी पाणबुड्याचंच असतं. तो प्रेक्षक नाही आणि पुरता हरिणही नाही. ही अर्धवट जागा त्याने पैसे मोजून घेतलेली आहे, आणि तिचं नवल मान्य करायला हरकत नाही.

मात्र आर्क्टिकच्या ज्या लोकांना समुद्र सहलीसाठी नव्हे तर पोटासाठी लागत होता, त्यांचा हिशेब वेगळा होता. ग्रीनलंडमध्ये जन्मलेला आणि तिथली भाषा बोलणारा संशोधक क्नुड रासमुसेन १९२१ ते १९२४ च्या मोहिमेत कॅनडातल्या इग्लूलिक भागातल्या इनुइटांमध्ये राहिला. तुमच्या चालीरीतींमागचं कारण काय, असं तो आउआ नावाच्या आंगाक्कुकला, म्हणजे तिथल्या मांत्रिकाला, खोदून विचारत राहिला. आउआने त्याला बाहेरचं हिमवादळ दाखवलं, थंडीत कुडकुडणारी मुलं दाखवली, आजारी बहीण दाखवली आणि उलट विचारलं, हे असं का? रासमुसेनला उत्तर देता आलं नाही. मग आउआने सांगितलं ते असं, की आमची श्रद्धा वगैरे काही नाही, आम्हाला भीती आहे. कांटची सुरक्षित जागा त्याच्या मुलखात कुठे नव्हतीच.

याच लोकांत पाण्याखाली उतरण्याचा एक जुना विधी होता. समुद्राच्या तळाशी सागरमाता राहते. तिची नावं जागोजाग वेगळी, बाहेरच्या जगाला ठाऊक झालेलं नाव सेडना. बापाने तिची बोटं तोडली, त्यांचे सील झाले. माणसांनी निषिद्ध गोष्टी केल्या की त्यांचा मळ तिच्या केसांत साचतो. बोटं नसल्यामुळे तिला केस विंचरता येत नाहीत, मग ती रागाने शिकार अडवून धरते. अशा वेळी आंगाक्कुक तंद्रीत तळाशी जातो आणि तिचे केस विंचरून देतो. घरात जमलेले लोक तोवर अंगावरच्या कपड्यांच्या सगळ्या गाठी सैल करून, डोळे मिटून बसतात. तो परत आला की एकेक जण आपण काय मोडलं ते सर्वांसमक्ष कबूल करतो.

फरक दोरीत नाही, या कबुलीत आहे. आंगाक्कुक गावाच्या वतीने जात असे आणि त्याच्या बुडीचं ओझं सगळ्यांवर पडत असे. सुट्टीवर गेलेला पाणबुड्या स्वतःसाठी जातो आणि स्वतःच मोठा होऊन वर येतो. कांटने सांगितलं होतं तेच होतं. हिशेब मात्र इथेही बाकी राहतो. १९७९ पासून आर्क्टिक पृथ्वीच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे आणि तिथे पोचवणारं विमानही त्या तापण्याला हातभार लावतं. ‘पाहिलं म्हणजे जपावंसं वाटतं’ हा सहल कंपन्यांचा लाडका युक्तिवाद यापुढे लटका पडतो. पाहणं आणि हिशेब देणं एक नव्हे. हिशेबासाठी पाण्यात उतरायचं तर त्याचीही रीत आहे. गोव्यातल्या ध्रुवीय संशोधन केंद्राने २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या काँग्सफ्योर्डमध्ये इंडआर्क ही वेधयंत्रणा सोडली. ती पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजते. उदात्त वगैरे त्यात काही नाही.

निषिद्धांची जागा आता कायद्याने घेतली आहे. १ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डच्या संरक्षित भागात दोनशेहून अधिक प्रवाशांचं जहाज नेता येत नाही आणि नेमून दिलेल्या ४३ जागांखेरीज कुठे प्रवासी उतरवता येत नाहीत. ध्रुवीय अस्वलापासून तीनशे मीटर लांब राहावं लागतं, आणि मार्च ते जून पाचशे मीटर.