वलगणीचा मासा कोणाचा?

मृगाच्या सरी कोसळल्या की नदीतील मासा प्रवाहाविरुद्ध चढू लागतो. ओढे, नाले, भाताची खाचरे अशी वाट शोधीत तो उथळ, नव्या पाण्यात अंडी घालण्यासाठी येतो. ठाणे-रायगडच्या पट्ट्यात यालाच वलगण म्हणतात. वर्षातील या मोजक्या दिवसांत मासा आपण होऊन माणसाच्या दाराशी येतो, आणि नेमका तेव्हाच तो गाबोळीने गच्च भरलेला असतो. म्हणूनच त्याला मागणीही अधिक. जो जीव आपली पुढची पिढी मागे ठेवण्यासाठी इतका प्रवास करून आला, त्याला त्याच क्षणी धरण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

कात्रपला राहणाऱ्या आम्हा कुटुंबांना हा प्रश्न टाळता येणार नाही. बदलापूर पूर्वेचे हे भातशेतीचे गाव गेल्या काही दशकांत इमारतींनी भरून गेले. ज्या खाचरांत मासळीचे बाळंतपण होत असे, त्यांवरच आज आमची घरे उभी आहेत. लोणावळ्याच्या बाजूच्या घाटात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करीत वसईच्या खाडीवाटे समुद्राला मिळते. तिच्या वाटेत बदलापूरचे बॅरेज आहे. पुढे अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांचे सांडपाणी घेऊन वालधुनी तिला येऊन मिळते. शिवाय तिच्या पात्रात घराघरांतील मैला आहेच. तेव्हा मासळी आटली ती गरिबाच्या पागामुळे, असे म्हणणे सोपे असले तरी सत्य नव्हे.

या बाबतीत कॅस्पियन समुद्राचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. तेथील स्टर्जन मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी व्होल्गासारख्या नद्या चढतो. त्याची मादी वयात येण्यास दहा-पंधरा वर्षे, काही जातींत त्याहूनही अधिक काळ लागतो. तिची खारवलेली गाबोळी, म्हणजेच कॅव्हियार, जगभरच्या श्रीमंतांच्या ताटात प्रतिष्ठेची ठरली. धरणांनी वाट अडवली, सांडपाण्याने पाणी नासले आणि उरलेले काम या जिभेच्या चोचल्याने केले. १९९८ साली स्टर्जनच्या साऱ्या जाती दुर्मीळ जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत आल्या. तोवर उशीर झाला होता. २०२२ साली निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याच्या उरलेल्या सर्व २६ जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे जाहीर केले. गाबोळी खाणारा आजच्या माशाबरोबर उद्याचाही मासा खातो, तो असा.

मग वलगण सरसकट बंद करावी काय? येथे आपण थोडे थांबले पाहिजे. पावसाच्या तोंडावर, शेतावरची मजुरी हाती येण्यापूर्वी, कातकरी-ठाकूर घरांना चार दिवसांचे कालवण याच मासळीने मिळत आले आहे. ज्याच्यापाशी दुसरा पर्याय नाही, त्याला पहिला त्याग सांगणे हा न्याय नव्हे. शिवाय संयम गरिबाला शिकवावा लागतो हा समजही खोटा आहे. महाडजवळच्या वाळण कोंडीतील मासे ग्रामस्थांनी देवीच्या श्रद्धेपोटी पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. नदीत जिलेटिन फोडणे, ब्लीचिंग पावडर ओतणे, विजेचा झटका देणे ही मात्र निव्वळ लूट होय. तिला उपजीविकेचे नाव देता येत नाही.

समुद्रावरच्या नियमाने हा भेद ओळखला आहे. जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची मनाई असते. वल्ह्या-शिडाच्या पारंपरिक होडीला ती लागू नाही. ज्याची शक्ती मोठी, त्याचे बंधन मोठे. हाच न्याय नदीकाठी आणला, तर पहिले बंधन सांडपाणी सोडणाऱ्यावर व नाले बुजविणाऱ्यावर येते; आणि त्यानंतर, ज्याच्या घरी पर्याय आहे, तरी जो केवळ चवीसाठी गाबोळी विकत घेतो, त्याच्यावर. हा दुसरा मनुष्य म्हणजे बहुधा आपणच.

कृत्रिम पैदाशीने सारे भरून निघेल, असेही कोणी म्हणेल. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून महसीर माशाची बीजे तयार केली, हे मोलाचे कार्य होय. परंतु बाहेरून आणलेला महसीर कावेरीत सोडल्यावर तेथील मूळचा, पाठीवर कुबड असलेला महसीर मागे हटला, असे अभ्यासकांना आढळले आहे. बीज विकत मिळते, नदी मिळत नाही.

अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात पक्ष्याच्या घरट्याविषयी एक लहानशी आज्ञा आहे. वाटेत घरटे आढळल्यास पिले घेण्यास मोकळीक आहे. अंड्यांवर वा पिलांवर बसलेल्या आईला मात्र हात लावायचा नाही. भूक तेथे मान्य आहे, पण भुकेलाही सीमा आहे. आपण प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य करतो आणि त्या दिवशी ताटात मासा घेतो. वर्ज्य करण्याची ही सवय आपल्या घरांत जुनीच आहे. मृगानंतरचे काही आठवडे बाजारातील गाबोळीभरली नदीची मासळी आपण घेतली नाही, तर ताटात एक पदार्थ कमी होईल, इतकेच. तेवढ्याने उल्हास नदी शुद्ध होणार नाही. परंतु सांडपाणी सोडणाऱ्याला जाब विचारताना आपला हात स्वच्छ असेल, आणि चढणीच्या माशांपैकी काही तरी अंडी घालून परत नदीला जातील.