कानाची न्यायबुद्धी

प्रमुख याजकाच्या वाड्याच्या अंगणात पेत्राने आपल्या गुरूला तीनदा नाकारले. मत्तय सांगतो, की तेथे उभ्या असलेल्यांनी अखेरीस त्याच्याविरुद्ध पुरावा मांडला तो त्याच्या बोलण्याचा. गालीलकडचा हेल त्याला लपविता आला नाही. शब्द खोटे होते आणि उच्चार खरा होता! शास्त्यांच्या पुस्तकात तर यार्देनच्या उताराशी ‘शिब्बोलेथ’ऐवजी ‘सिब्बोलेथ’ म्हणणाऱ्याला जिवास मुकावे लागले. उच्चारावरून माणसाचे गाव कळते, हे त्या काळीही ठाऊक होते. त्यावरून त्याच्या म्हणण्याचा खरेखोटेपणा ठरवावा काय, हा प्रश्न मात्र वेगळा, आणि तोच आम्हांस वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

हेल ही माणसाने निवडलेली गोष्ट नव्हे. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी भाषक घरांतील तान्ह्या मुलांना हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ ऐकविले होते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा भेद कळत होता. वर्षाची होत आलेल्या बाळांना तो बहुतांशी कळेनासा झाला होता. म्हणजे धड बोलू लागण्यापूर्वीच कान घरचे ध्वनी धरून ठेवतो आणि परके सोडून देतो. ‘तुकाराम’चा ‘टुकाराम’ करणाऱ्या गोऱ्या पाहुण्याला आपण हसतो, त्यात त्याचा दोष तो किती?

ऐकणे म्हणजे कानावर पडलेले शब्द गोळा करणे एवढेच नसते. पुढे काय येणार याचा अंदाज मेंदू सतत बांधीत असतो. ओळखीच्या हेलात हे अंदाज आपसूक जुळतात. अनोळखी हेलात शब्द न् शब्द निवडून घ्यावा लागतो, श्रम पडतात. खरा धोका इथेच आहे. श्रमाचे कारण उच्चारात आहे हे विसरून मन त्याचा बोल आशयाला लावते. शिकागो विद्यापीठातील शिरी लेव-आरी आणि बोअझ कायसर यांना २०१० साली असे आढळले, की ‘जिराफ उंटापेक्षा अधिक काळ पाण्यावाचून राहू शकतो’ यासारखी विधाने परकीय हेलात ऐकली की श्रोत्यांना ती कमी खरी वाटतात. बोलणारा दुसऱ्याने दिलेले वाक्य नुसते वाचीत आहे हे ठाऊक असतानाही. पुढील काही प्रयोगांत हा परिणाम दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तथापि त्या पहिल्या अभ्यासातील एक गोष्ट आम्हांला बोचत राहिली. श्रोत्यांना या धोक्याची कल्पना दिल्यावर सौम्य हेलाच्या बाबतीत त्यांनी स्वतःला सावरले. जड हेलाच्या बाबतीत त्यांना ते साधले नाही.

सेमिनरीत टाळता येणारे अज्ञान आणि न टाळता येणारे अज्ञान असा भेद आम्ही घोकला होता. कानाची ही खोड कोणत्या खात्यात घालावी? जे घडते आहे हेच ठाऊक नाही, त्याचा दोष माथी कसा येणार? पण एकदा कळल्यावर ती सबब उरत नाही. शिवाय कान वाटतो तितका हट्टी नाही. स्पॅनिश हेलातील इंग्रजी ऐकणारे प्रथम अडखळतात, परंतु एका मिनिटाच्या आत बरेच सावरतात, असे क्लार्क आणि गॅरेट यांनी २००४ साली दाखविले. एक मिनिट!

तेवढे आम्ही दिले नव्हते. काही वर्षांपूर्वी एके सकाळी झारखंडहून बांधकामावर आलेला एक तरुण आमच्या कचेरीत आला. मुलीच्या शाळाप्रवेशासाठी कुटुंब कॅथलिक असल्याचे पत्र त्याला हवे होते. त्याच्या हेलातली हिंदी आम्ही तीनदा वदवून घेतली, त्रासलो, आणि गावाकडून कागद आणावयास सांगितले. अर्ध्या तासाने शेजारच्या भागातून नव्याने राहावयास आलेले एक गृहस्थ तसलेच पत्र मागावयास आले. बोलणे थेट आमच्या वसईच्या वळणाचे. गप्पा झाल्या, पत्रावर शिक्का पडला.

महिन्याभराने त्या तरुणाचा कागद टपालाने आला. बाप्तिस्म्याची तारीख, धर्मगुरूंचे नाव, इतकेच काय, धर्ममातेचे नावही त्याने सांगितले तसेच होते. शाळेचे प्रवेश तोवर संपले होते. त्या दुसऱ्या गृहस्थांचा कागद आम्ही आजतागायत पाहिलेला नाही. तो मागावा असे त्या सकाळी आमच्या मनातही आले नव्हते.